तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ते विकले गेले, नाही का?’

हा प्रश्न मला बहुतेक वेळा कार्यक्रम संपल्यावर, वायरी गुंडाळत असताना विचारला जातो. मी छोट्या बँडांचा आवाज सांभाळतो, म्हणजे मिक्सरमागे उभा असतो. काल-परवापर्यंत चाळीस माणसांसमोर वाजवणारा एखादा बँड मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेला, त्याचं गाणं जाहिरातीत वाजायला लागलं, की कुणीतरी जवळ येऊन म्हणतंच, ‘तुमच्यासमोर वाढलेली मुलं ही. विकली गेली असं नाही वाटत?’ विचारणाऱ्याला ‘हो’ ऐकायचं असतं हे चेहऱ्यावरून कळतं. मी हसून वेळ मारून नेतो. आज सावकाश उत्तर देतो.

करारनामा वाचल्याशिवाय मला सांगता येणार नाही, हे माझं उत्तर. पळवाट वाटेल, पण नाहीये.

कारण हा आरोप करणारे कागद कधी बघतच नाहीत. त्यांना ऐकू येतो बदललेला आवाज आणि दिसते वाढलेली गर्दी. अमेरिकन गायक बॉब डिलनचंच बघा. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. (हुर्यो नेमकी कशाबद्दल होती यावर अजून वाद चालतो. आवाजाचीच व्यवस्था वाईट होती, असंही सांगतात. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे चटकन पटतं.) पुढच्या वर्षी मे महिन्यात मँचेस्टरच्या सभागृहात तर दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत कुणीतरी त्याच्यावर ‘जुडास!’ असं खेकसलं. चांदीच्या तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा तो जुडास. आता गंमत अशी की कोलंबियासारख्या बड्या कंपनीशी डिलनने करार केला होता १९६१ मध्येच. एकट्या गिटारवरच्या ज्या गाण्यांमुळे लोक त्याला ‘आपला’ मानत होते, ती सगळी त्याच कंपनीने दुकानांत पोचवली होती. १९६५ साली ना मालक बदलला, ना करार. गिटार बदलली, मागे बँड आला, एवढंच. म्हणजे नाण्यांबद्दल ओरडणाऱ्याचं खरं दुखणं नाण्यांचं नव्हतंच.

मग कशाचं होतं? ज्याला आपण आपलं मानलं ते आपल्याला न विचारता बदललं, याचं. हे दुखणं मी खोटं मानत नाही. छोट्या खोलीत, स्पीकरच्या इतक्या जवळ उभं राहून की ड्रमचा ठोका छातीत बसावा, एखादं गाणं ऐकलेलं असतं. त्याचे शब्द त्या खोलीतल्या मोजक्या लोकांनाच पाठ असतात. पुढे तेच शब्द हजारो लोक म्हणायला लागतात आणि आपण मागच्या रांगेत पडद्यावर गायकाचा चेहरा बघत असतो. काहीतरी हातातून गेलेलं असतं, यात शंका नाही. पण ते गायकाकडे ठेवीसारखं ठेवलेलं नव्हतं, तेव्हा त्याने ते परत करावं असंही नाही.

मोठ्या स्टेजवर आणखी एक गोष्ट जाते, ती मला मिक्सरमागून दिसते. छोट्या जागेत एका बँडचा गिटारवाला शेवटच्या गाण्यात ड्रमरकडे बघून हनुवटी किंचित वर करायचा. त्याचा अर्थ, अजून एक फेरी. लोक रंगात असले की ती फेरी चार वेळा व्हायची, नसले की गाणं तिथल्या तिथे संपायचं. मोठ्या स्टेजवर ड्रमरच्या कानात क्लिक असतो, म्हणजे मेट्रोनोमची टकटक. कीबोर्डचे काही भाग आधीच रेकॉर्ड केलेले असतात, मागचा व्हिडिओ आणि दिवे त्याच क्लिकला बांधलेले. वेळ ४० मिनिटं, पुढचा बँड मागे तयार. त्या रात्रीही गिटारवाल्याने सवयीने हनुवटी वर केली. ड्रमरला ते दिसलं, आणि तो वाजवून थांबला. करणार काय? एक फेरी जरी वाढली असती तर सगळा व्हिडिओ गाण्याच्या पुढे गेला असता. कुणी विकलं गेलं नव्हतं, कंपनीने जबरदस्तीही केली नव्हती. क्लिक त्यांनी स्वतःच मागून घेतला होता. मला मात्र ती फेरी हवी होती.

आता करारनाम्याकडे येतो, कारण लोकांना वाटतं तिथे फक्त एक मोठा आकडा लिहिलेला असतो.

समजा कंपनीने बँडला १०० अॅडव्हान्स दिला आणि रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला बँडचा वाटा, ठरली १५ टक्के. अॅडव्हान्स म्हणजे बक्षीस नव्हे. ती तुमच्याच पुढच्या कमाईतून कापून घ्यायची उचल. विक्रीतून १०० आले की बँडच्या नावावर १५ लागतात, आणि तेही हातात न येता उचलीत वळते होतात. अशा रीतीने ती १०० ची उचल फिटायला एकूण विक्री ६६७ च्या घरात जावी लागते. तोपर्यंत आलेलं सगळं कंपनीच्या हातात. हा हिशेबही मी सोपा करून मांडला. स्टुडिओचा खर्च आणि व्हिडिओच्या खर्चाचा वाटा बऱ्याच करारांत बँडच्याच खात्यावर चढतो, म्हणजे उचल आणखी फुगते. आणि शेवटी सगळं फिटलं तरी मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, बहुधा कंपनीच्याच मालकीचं राहतं.

स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाने १९९३ साली एका लेखात असाच एका बँडचा हिशेब ओळीओळीने मांडून दाखवला होता. लाखोंची उलाढाल होऊनही वाजवणाऱ्यांच्या वाट्याला दुकानातल्या कारकुनाहून कमी येतं, असा त्याचा निष्कर्ष. हा माणूस स्वतः रॉयल्टी घेत नसे. ठरलेली मजुरी घ्यायची आणि निघायचं, प्लंबरसारखं, असं त्याने निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडला लिहून कळवलं होतं. निर्वाणाचा पहिला अल्बम १९८९ मध्ये छोट्या लेबलवर, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीकडून आला. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. दुसरा मोठ्या कंपनीकडून आला आणि जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनला खाली ढकलून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी एका बड्या मासिकाच्या मुखपृष्ठावर निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन उभा राहिला तो ‘कंपनीवाली मासिकं अजूनही भिकारच’ अशा अर्थाचा टी-शर्ट घालून. तिसऱ्या अल्बमसाठी त्यांनी मुद्दाम अल्बिनीला बोलावलं. पुढे त्यातली दोन गाणी दुसऱ्याकडून पुन्हा मिक्स करून घेतली गेली, आणि ती कुणाच्या आग्रहाने यावर लोकांनी तर्कांचे इमले बांधले. मिक्सरवाला म्हणून मला त्यातला एवढाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: ‘नको’ म्हणायचा हक्क शेवटी कुणाकडे होता?

मी तेवढंच बघतो. ‘नको’ कोण म्हणू शकतं? जाहिरातीला, ओळ बदलायला, अल्बम कधी काढायचा याला.

माझ्या ओळखीतल्या एका बँडने सही केली तेव्हा त्यांच्या नावाने शिमगा झाला होता. ज्या अधिकाऱ्याने त्यांना कंपनीत आणलं तो काही महिन्यांत नोकरी सोडून गेला. नव्या माणसाला हे संगीत आवडेना. अल्बम तयार होता, पण निघालाच नाही. करारात असंही लिहिलेलं होतं की तीच गाणी पुढची काही वर्षं दुसरीकडे रेकॉर्ड करायची नाहीत. म्हणजे गाणी आहेत, वाजवणारे आहेत, ऐकणारेही आहेत, आणि तरी ती कुठे ऐकता येत नाहीत. ज्यांनी त्यांना विकले गेले म्हणून शिव्या घातल्या, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते तोवर दुसऱ्या बँडच्या मागे लागले होते.

छोट्या जागांनाही स्वतःचे नियम असतात, हे विसरू नका. अमेरिकेत बर्कलीला गिलमन स्ट्रीटवर पंक संगीताची एक जागा आहे, स्वयंसेवकांनी चालवलेली. बड्या कंपनीच्या बँडना तिथे स्टेज मिळत नसे. तिथेच वाढलेल्या ग्रीन डे या बँडने बड्या कंपनीशी करार केला आणि ते दार त्यांना बंद झालं. १९९४ मध्ये त्यांचा अल्बम गाजला. परत तिथे वाजवायला मिळालं ते २०१५ मध्ये. हा नियम मला तरी प्रामाणिक वाटतो. आधीपासून ठरलेला, सगळ्यांना सारखा, आणि त्यात शिवी नाही. आमची जागा यासाठी आहे, तुम्ही दुसरीकडे वाजवा, विषय संपला.

फुगाझी या अमेरिकन पंक बँडचं नाव मात्र लोक काठीसारखं वापरतात. स्वतःच्याच वर्तुळातलं लेबल, तिकीट शक्यतो ५ डॉलर, कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश, बड्या कंपन्यांना नकार. सगळं खरं, आणि मला त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे. पण ही व्यवस्था उभी करायला हिशेब, फोन, छपाई, पोस्ट, भांडणं हे सगळं वाजवणाऱ्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी अंगावर घेतलं होतं. प्रत्येक चांगल्या ड्रमरला चांगलं दुकानही चालवता आलंच पाहिजे, ही अपेक्षा कुठून आली? आणि ती करणारा बहुधा स्वतः महिन्याच्या पगारावर असतो. त्याने नोकरी बदलली, पगार वाढला, की आपण अभिनंदन करतो.

जाहिरातींबद्दल माझं मन इतकं मोकळं नाही. आवडतं गाणं गाडीच्या किंवा साबणाच्या मागे वाजलं की मलाही कसंसंच होतं. अमेरिकन गायक टॉम वेट्सने जाहिरातीला ठाम नकार दिलेला, म्हणून १९८८ मध्ये एका वेफर्सच्या कंपनीने त्याच्यासारख्या आवाजाचा नकलाकार आणला. वेट्स कोर्टात गेला आणि वीस लाख डॉलरांहून जास्त भरपाई घेऊन आला. आता उलटं टोक बघा. मोबी या संगीतकाराने १९९९ च्या आपल्या अल्बममधलं एकूण एक गाणं जाहिराती-चित्रपटांना वापरायला दिलं, कारण रेडिओवाले ते फारसं वाजवत नव्हते. आणि चंबावंबा हा इंग्लंडमधला अराजकवादी बँड. ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीविरुद्ध काढलेल्या रेकॉर्डवर जे होते, तेच १९९७ मध्ये ईएमआयकडे गेले, जुन्या दोस्तांनी तोंडं फिरवली. काही वर्षांनी जनरल मोटर्सने जाहिरातीसाठी त्यांचं गाणं घेतलं, तेव्हा ते पैसे त्यांनी कंपन्यांच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या गटांना देऊन टाकले. यातला शुद्ध कोण? मला वेट्सचं सर्वांत पटतं. पण चंबावंबाचं जास्त आवडतं.

हल्ली आरोपाचा सूर बदललाय. स्पॉटिफायवर २०२४ पासून, आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला छदाम मिळत नाही; हजार ओलांडले तरी जे मिळतं ते किरकोळच. तेव्हा जाहिरात मिळाली म्हणून आता फारसं कुणी चिडत नाही. नवी मुलं वेगळाच संशय घेतात: हा गायक कधी अंडरग्राउंड, म्हणजे कंपन्यांच्या बाहेरचा, नव्हताच, कंपनीनेच मागून उभा केलाय आणि खोलीत बसून गाणी केल्याचं नाटक चाललंय. काही वेळा हे खरंही असतं. पण मी ज्या मुलीचं तिन्ही मायक्रोफोन बिघडलेले असताना झालेलं पहिलं गाणं ऐकलंय, तिच्याबद्दलही हेच बोललं गेलं, तेव्हा हा संशय घ्यायला पुरावा लागत नाही हे कळलं.

तो हनुवटीवाला गिटारवाला मध्यंतरी करारनामा घेऊन माझ्याकडे आला होता. वकिलाकडे जा म्हटलं. म्हणाला, जाऊन आलो, आता तू वाच. आम्ही दोघांनी पेन्सिलीने तीन कलमांवर खुणा केल्या. मास्टर कायमचे कंपनीकडे, हे एक. जाहिरातीला गाणं देताना बँडला विचारायची गरज नाही, हे दुसरं. तिसरं ऑप्शनचं, म्हणजे पुढचे आणखी तीन अल्बम हवेत की नकोत हे कंपनी ठरवणार, बँडने मात्र बांधून राहायचं. कंपनीने पहिलं बदललं, मास्टर पंधरा वर्षांनी परत मिळतील. दुसऱ्यातही ‘बँडची लेखी परवानगी’ असे शब्द घातले. तिसऱ्याला हात लावू दिला नाही. मी असतो तर तिथे अडून बसलो असतो. त्याने रात्रभर विचार केला, ड्रमरशी बोलला आणि सही केली. पहिलं गाणं आलं त्या आठवड्यात मला दोघांनी विचारलं, विकला गेला ना? मी म्हटलं, तीनपैकी एका कलमात.