तुम्ही विचारलंत म्हणून

दर वर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, "सर, तिशियनच्या 'असुंता'वर तुम्ही तासभर बोलता, मग 'पिएता'ची स्लाइड आली की गप्प का होता? ते अपुरं आहे म्हणून?" आजवर वेळ मारून नेली. आता सांगतो. तिशियन हा सोळाव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार.

'असुंता', म्हणजे मेरीचं स्वर्गारोहण. त्यावर बोलणं सोपं आहे. व्हेनिसच्या फ्रारी चर्चमध्ये मुख्य वेदीवर ते 1518 साली लागलं, जवळजवळ 7 मीटर उंच. खाली हात उंचावलेले प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, मधे लाल वस्त्रातली मेरी, मागे सोनेरी उजेड. हात कुठेही अडलेला नाही.

'पिएता' 1576 चं, प्लेगच्या साथीतलं. त्याच फ्रारीत आपल्याला पुरलं जावं, म्हणून ते त्याने काढायला घेतलं होतं. आईच्या मांडीवर येशूचा देह, समोर गुडघ्यांवर आलेला म्हातारा. तो चेहरा खुद्द तिशियनचा मानतात. खाली उजव्या कोपऱ्यात एक लहानशी तसबीर टेकवली आहे, तीत तो आणि मुलगा ओराझियो प्रार्थना करताहेत. दोघंही त्याच वर्षी गेले. शेवटी शेवटी तिशियन ब्रशपेक्षा बोटांनीच जास्त रंगवायचा, असं पुढच्या पिढीतला चित्रकार पाल्मा जोव्हाने सांगायचा.

बोटांनी. इथेच माझा आवाज अडतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका विद्यार्थिनीने सबमिशनला खाटेवर निजलेल्या आजीचं चित्र आणलं. चेहरा नीट रंगवलेला, पण चादरीवरचा हात नुसता बोटाने पुसत आणलेला, कडा नसलेला. मी म्हटलं, "हे अर्धवट आहे. पूर्ण करून आण." ती म्हणाली, "सर, झालंय." वर्ग बघत होता. मी तिच्याच पॅलेटवरचा रंग घेतला, बारीक ब्रशने बोटं काढली, नखं काढली, मनगटाखाली सावली दिली. पाचेक मिनिटं लागली असतील. हात शरीरशास्त्राप्रमाणे अगदी बरोबर आला. ती हळूच म्हणाली, "आता हा तुमचा हात झाला, सर." चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि निघून गेली. ते न्यायला ती परत आली नाही.

मी काही गुन्हा केला नव्हता. आम्हालाही असंच शिकवलं गेलं, चित्रावर मास्तरांचा ब्रश फिरणं हा मान होता. शिवाय परीक्षक त्या हाताचे गुण कापणारच होते. ही कारणं खरी आहेत, आणि ती मी फार वर्षं स्वतःला ऐकवली.

मग व्हेनिसच्या आकादेमिया संग्रहालयात 'पिएता'समोर उभा राहिलो. पाल्माने त्यावर लिहून ठेवलंय, की तिशियनने अपुरं सोडलेलं हे काम पाल्माने आदरपूर्वक पूर्ण केलं आणि देवाला अर्पण केलं. 'आदरपूर्वक' या शब्दापाशी माझे पाय थांबले. मशाल घेतलेला तो उडता देवदूत पाल्माचा समजतात. तो नसता तर बरं, असं मला वाटलं. लगेच हेही वाटलं, की पाल्माने हात लावला नसता तर ते कापड कुठे पडलं असतं कोण जाणे. आणि पाल्मापुढे निदान चित्रकार नव्हता, 'झालंय' म्हणणारा.

मग 'पिएता' अपुरं आहे का? मला ठरवता येत नाही. आता सबमिशनच्या दिवशी मी हात मागे बांधून फिरतो. त्यानेही काही मुलांचं नुकसान झालंय. जे दोन फटकाऱ्यांत कळलं असतं, ते मी नुसतं बोलत राहिलो.