फिजीच्या गावात राहायला जाताना: तुम्ही विचारलंत म्हणून

"फिजीच्या एखाद्या लहान बेटावर स्वयंसेवक म्हणून महिनाभर जायचंय, बरोबर काय काय नेऊ?" हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदा सविस्तर लिहून टाकतो. बॅगेकडे येईनच, पण आधी माझा उलट प्रश्न: ते काम मागितलंय कोणी?

गावाने मागितलं असेल तर कोणी, कधी, आणि तुम्ही परतल्यावर ते पुढे कोण चालवणार, हे संस्थेला लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका. भिंती रंगवायला आणि विटा रचायला गावात माणसं असतात. त्यांना साहित्य कमी पडतं, हात नव्हे. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, हिशेब, संगणक असं एखादं कौशल्य असेल आणि ते गावातल्या दोघांना शिकवून येणार असाल तर जाण्यात अर्थ आहे. अनाथाश्रमात दोन आठवडे 'मुलांना जीव लावायला' जाण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. दर पंधरवड्याला माणसं बदलली की मुलांचे हाल होतात. परवान्याचंही आधीच बघा. पर्यटक म्हणून मिळणारा प्रवेश काम करण्यासाठी नसतो, आणि बिनपगारी कामही त्यात मोजलं जाऊ शकतं. कोणता परवाना लागेल आणि तो कोण काढणार, हे तिकीट काढण्याआधी ठरलेलं हवं.

विमानतळावर जैवसुरक्षेची तपासणी कडक असते. खाण्याचे पदार्थ, बिया, लाकडी वस्तू आणि वापरलेले बूट फॉर्मवर जाहीर करा. बुटांच्या तळव्यातली माती घरीच घासून काढा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर दंड होतो.

विमानतळाचं गाव इंग्रजी स्पेलिंगवरून 'नडी' वाटतं, म्हणतात मात्र नांदी. फिजीयन भाषा रोमन लिपीत लिहितात, आणि तीत 'डी'च्या आधी न आणि 'बी'च्या आधी म न लिहिता उच्चारतात. 'सी' हा इंग्रजी 'दिस'मधल्या द-सारखा, 'क्यू' म्हणजे 'ंग', आणि 'जी' म्हणजे चक्क आपला ङ. वाङ्मय सोडून ङ वापरायची संधी एरवी कुठे मिळते! गिरमिटियांच्या वंशजांची फिजी हिंदी शहरांत कानावर पडते, आणि हिंदी येणाऱ्याला ती बरीचशी कळते. पण ज्या इतौकेई, म्हणजे मूळ फिजीयन लोकांच्या, गावात तुम्ही राहणार, तिथे इंग्रजी आणि फिजीयन. बुला (नमस्कार), विनाका (आभार), मोदे (निरोप) एवढं पाठ हवंच. चौथा शब्द तुलोऊ. बसलेल्या माणसांपुढून जाताना किंवा कुणाच्या डोक्यावरच्या फळीवरून वस्तू घेताना वाकून तो म्हणतात.

गावात पाऊल ठेवल्यावर पहिलं काम सेवुसेवु, म्हणजे भेट ठेवून गावात येण्याची परवानगी मागणं. यांगोना, म्हणजे कावा, ही एक वनस्पती, तिच्या मुळ्यांचं पेय करतात. तिच्या सुक्या मुळ्यांची साधारण अर्ध्या किलोची जुडी नांदी, लौतोका किंवा सुवाच्या बाजारात कागदात बांधून मिळते. पूड नको, मुळ्याच घ्या. जुडी तुराङा नी कोरो, म्हणजे गावाचा कारभारी, याच्याकडे न्यायची. मांडी घालून बसायचं आणि जुडी हातात न देता समोर जमिनीवर ठेवायची. तुमच्या वतीने बोलायला गावातलं कोणीतरी असतं, त्यामुळे भाषण पाठ करू नका. हे होईपर्यंत गावात फिरणं, फोटो काढणं बंद. टोपी आणि गॉगल काढून ठेवा, पिशवी खांद्याला न लटकवता हातात धरा. पुरुष असो वा बाई, गुडघ्याखाली येणारा सुलु, म्हणजे लुंगीसारखं कमरेला गुंडाळायचं वस्त्र, नेसायचा. बायकांनी खांदेही झाकायचे. लाडानेसुद्धा लहान मुलाच्या डोक्यावर हात ठेवू नका.

कावाची वाटी समोर आली की एक टाळी, एका दमात पिणं, वाटी परत, मग तीन टाळ्या. ओठ-जीभ बधिर होतात, घाबरू नका. कमी हवा असेल तर 'लो टाइड' म्हणा, अर्धी वाटी मिळते. लिव्हरचा त्रास असेल तर नम्रपणे नाही म्हणा, आणि कावावर दारू कधीच नको.

आता पाणी. लहान बेटांवर ते बहुतेक पत्र्याच्या छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं असतं. मे ते ऑक्टोबर पाऊस कमी, म्हणून अंघोळ एका बादलीत. तुम्ही दोन बादल्या उपसल्यात तर कोणी काही बोलणार नाही, पण टाकी लवकर आटेल. पिण्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा. इंधन वाचवायचं असेल तर बिनवासाच्या घरगुती ब्लीचचे (५-६ टक्के) लिटरला २ थेंब घालून ३० मिनिटं थांबा. गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळा आणि ४ थेंब घाला. क्लोरीनचा अगदी हलका वास राहिला तर मात्रा बरोबर.

फिजीत मलेरिया नाही, डेंग्यू आहे, आणि तो डास दिवसा चावतो. ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. पुराच्या पाण्यात अनवाणी उतरू नका, जखमेतून लेप्टोस्पायरोसिस शिरतो. प्रवाळाने खरचटलं तर दुखलं तरी साबणपाण्याने ब्रशने घासून कण काढा. नुसतं मलम थापलं की आत राहिलेले कण आठवडाभर पू काढत बसतात. प्रवाळातल्या मोठ्या शिकारी माशांत, बाराकुडा किंवा मोरे ईलमध्ये, सिगुआटेराचं विष असू शकतं आणि शिजवून ते जात नाही. मासा खाल्ल्यावर थंड वस्तू भाजल्यासारखी लागू लागली तर लगेच आरोग्य केंद्र गाठा. कुठल्या भागातला कुठला मासा टाळायचा, हे गावातल्या मासेमाराला विचारा, त्याला ते नेमकं ठाऊक असतं.

बॅग: दोन सुलु, अंगभर सुती कपडे, डोक्याला बांधायचा टॉर्च, मच्छरदाणी, दोन तिरक्या आणि एक सरळ अशा तीन चपट्या पिनांचा अडॅप्टर (वीज २४० व्होल्ट), पाणी न शिरणारी पिशवी, आणि स्वतःच्या मापाचं लाइफ जॅकेट. लहान होडीत ते असेलच असं धरून चालू नका. बेटावर एटीएम नसतं, फिजी डॉलरच्या लहान नोटा न्या. यजमानांच्या घरी साखर, पीठ, चहा, डबाबंद मासे द्या. जुन्या कपड्यांचं गाठोडं मात्र नको. २०१६ च्या विन्स्टन वादळानंतर न मागितलेल्या अशा मदतीने बंदरात जागा अडवून ठेवली होती.

वादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. त्या काळात जात असाल तर परतीच्या तारखेच्या पुढे-मागे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, होड्या थांबतात. रविवारी प्रार्थना आणि विश्रांती, काम नाही, पोहणंही टाळा.

आणि जुडी एक नव्हे, दोन घ्या. निघतानाही यांगोना ठेवून निरोप मागायचा असतो, त्याला इतातौ म्हणतात, आणि बेटावर ती विकत मिळेलच असं नाही.