तीस टक्क्यांची संध्याकाळ

वसंताला ऋतुराज म्हणणाऱ्या कवींनी त्याचं दुपारी चारनंतरचं वागणं फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. पालवी झाली, फुलं झाली, पक्षी झाले, झुळूक झाली. पण सकाळी जिच्यावर कविता सुचावी तीच झुळूक संध्याकाळी छपराचे पत्रे उडवते, हे काव्यात यायचं राहूनच गेलं. राजेसाहेबांचं हे दुसरं रूप नोंदवण्याचं काम शेवटी हवामानाच्या अंदाजाकडे आलं. आणि अंदाजाची भाषा भलतीच रुक्ष: 'दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह पाऊस, शक्यता ३० टक्के.'

मला ही रुक्ष ओळ वाचायला आवडते. आज दुपारपर्यंत काहीही झालेलं नाही, कदाचित होणारही नाही, आणि तरी कुणीतरी न घडलेल्या गोष्टीला नेमका आकडा लावून ठेवला आहे. 'साधारण तिसाच्या आसपास' असंही नाही. तीस!

वसंताचं कौतुक आणि वसंताचा धाक यांचं मूळ एकच. सूर्य डोक्यावर आलेला असतो, जमीन भराभर तापते, पण पाच-सहा किलोमीटर उंचीवर हिवाळा अजून मुक्काम ठोकून असतो. खालची उबदार, दमट हवा हलकी होऊन वर निघते. वरची हवा जितकी थंड, तितका खालच्या हवेला चढायला जोर जास्त. त्यात उंचीगणिक वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत असेल तर प्रकरण आणखी वाढतं. एरवीचा गडगडाटी ढग तासाभरात आटोपतो, कारण त्याचाच पाऊस त्याच्या वर चढणाऱ्या झोतावर कोसळतो आणि त्याचा दम काढतो. पण वाऱ्याने ढग कलता केला, की पाऊस एका बाजूला पडतो आणि झोत दुसरीकडून चढत राहतो. असा ढग स्वतःभोवती फिरायला लागतो आणि कित्येक तास टिकतो. त्याला सुपरसेल म्हणतात. मोठ्या गारा आणि जबर चक्रीवावटळी बहुतेक याच घराण्यातल्या.

मग हे सगळं ठाऊक असताना नुसतं 'होईल' किंवा 'नाही होणार' का सांगता येत नाही? कारण मध्ये एक झाकण असतं. जमिनीपासून थोड्या उंचीवर कधीकधी कोरड्या, उष्ण हवेचा एक थर बसलेला असतो आणि तो खालच्या हवेला वर जाऊ देत नाही. दिवसभर खाली ऊब आणि ओल साठत राहते. झाकण टिकलं तर संध्याकाळ निरभ्र, सोनेरी, फोटो काढण्याजोगी. झाकण फुटलं तर अर्ध्यापाऊण तासात पांढऱ्या कापसाचा बारा किलोमीटर उंच बुरूज होतो आणि त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. ढगाच्या या आकाराला हवामानशास्त्रातही ऐरणच म्हणतात. ही निरभ्र संध्याकाळ आणि ती ऐरण यांच्यात फरक असतो तो एखाद्या अंश तापमानाचा. तो अंश नेमका कुठे, किती वाजता ओलांडला जाईल, हे सकाळी सांगणं म्हणजे कठीणच काम.

आपली अडचण अशी की आपल्याला 'नेमकं कुठे' एवढंच हवं असतं. एखाद्या खंडावर पुढच्या मंगळवारी कमी दाबाचा पट्टा येणार, हे आता आठवडाभर आधी सांगता येतं. त्या बाबतीत दर दशकाला साधारण एका दिवसाची मजल मारली गेली आहे, म्हणजे आजचा पाच दिवसांचा अंदाज दहा वर्षांपूर्वीच्या चार दिवसांच्या अंदाजाइतका भरवशाचा. पण माझ्या गच्चीवरचे कपडे भिजतील का, हा प्रश्न त्या पट्ट्याच्या खिजगणतीत नसतो. वादळी ढग पाच-दहा किलोमीटर रुंद, आयुष्य तासभर. एका रस्त्यावर गारांचा खच आणि पुढच्या चौकात धूळसुद्धा भिजलेली नाही, हा त्याचा नित्याचा खाक्या.

अंदाजात या खाक्यासाठी एक ठरलेला शब्दप्रयोग असतो: 'तुरळक ठिकाणी'. भारतीय हवामान खात्याच्या मोजपट्टीत तुरळक म्हणजे भागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. ऐकणारा प्रत्येक जण मात्र मनाशी पक्कं धरून चालतो की ते तुरळक ठिकाण दुसऱ्याचं. आणि पाऊस डोक्यावर पडला, की तोच माणूस म्हणतो, 'तुरळक म्हणाले होते, इथे तर धो धो कोसळला!' तुरळक हे ठिकाणांचं विशेषण आहे, पावसाचं नव्हे, हे ओल्या माणसाला समजावायला जाऊ नये.

टक्क्यांची तर याहून मोठी गंमत. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अ‍ॅमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत त्यांनी रस्त्यावरच्या लोकांना विचारलं की 'उद्या पावसाची शक्यता ३० टक्के' म्हणजे काय? कुणी म्हणालं, दिवसाचा ३० टक्के वेळ पाऊस. कुणी म्हणालं, ३० टक्के भूभागावर पाऊस. अशी परिस्थिती असलेल्या दर दहा दिवसांपैकी तीन दिवस पाऊस, हा खरा अर्थ निम्म्याहून अधिक लोकांनी निवडला तो फक्त न्यूयॉर्कमध्ये, कारण तिथे टक्केवारीतले अंदाज कित्येक दशकं अंगवळणी पडले होते. बाकीच्यांचं हसू करण्यात अर्थ नाही. अंदाज दहा दिवसांच्या हिशेबाने बोलतो आणि ऐकणाऱ्याच्या हातात एकच संध्याकाळ असते. तीस टक्के म्हटल्यावर पाऊस पडला तरी अंदाज बरोबर, नाही पडला तरी बरोबर! हे शास्त्र म्हणून चोख आहे, पण कपडे वाळत घालणाऱ्याला ते पळवाटीसारखंच वाटणार.

खरं-खोटं करायचं तर हिशेब लांबवर मांडावा लागतो, आणि तोही जपून. अमेरिकी लष्करातल्या जॉन फिनली यांनी १८८४ साली चक्रीवावटळीचे, म्हणजे टोर्नेडोचे, प्रायोगिक अंदाज वर्तवले. एकूण २,८०३ अंदाजांपैकी २,७०८ बरोबर. म्हणजे ९६.६ टक्के अचूक! त्यावर ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूगर्भशास्त्रज्ञाने त्याच वर्षी लक्षात आणून दिलं की यातल्या तब्बल २,६८० नोंदी 'येणार नाही' म्हटलं आणि आली नाही, या जातीच्या आहेत. डोळे मिटून रोज 'येणार नाही' एवढंच म्हटलं असतं, तर अचूकता ९८.२ टक्के भरली असती. म्हणजे काहीही न करणारा माणूस तज्ज्ञावर मात करतो. फक्त त्याच्या हिशेबात प्रत्यक्ष आलेल्या ५१ वावटळींपैकी एकाचीही वर्दी नसती. फिनलींनी त्यातल्या २८ पकडल्या होत्या.

मला या गोष्टीत फिनलींची बाजू घ्यावीशी वाटते. 'काही होत नाही हो' म्हणणारी माणसं सगळीकडे असतात आणि बहुतेक दिवशी तीच बरोबर ठरतात. त्यांचा आत्मविश्वास याच हिशेबावर पोसलेला असतो.

फिनलींच्या प्रयोगानंतर अमेरिकेत अंदाजातून टोर्नेडो हा शब्दच काढून टाकला गेला. लोक घाबरतील, ही सबब. कित्येक दशकं हा प्रकार चालला. मग १९४८ चा मार्च उजाडला. ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर २० तारखेच्या रात्री वावटळ आदळली आणि विमानांचा चुराडा झाला. तळावरचे दोन हवामान अधिकारी, अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर, जुने नकाशे उपसायला बसले. पाच दिवसांनी, २५ तारखेला, नकाशा जवळपास तसाच दिसू लागला. त्यांनी बिचकत बिचकत इशारा दिला. विमानं आत घेतली गेली, सुटं सामान बांधून ठेवलं. आणि त्या संध्याकाळी दुसरी वावटळ खरोखरच त्याच तळावर आली.

वावटळीच्या नेमक्या अंदाजाची सुरुवात म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण त्या काळच्या साधनांनी फार तर 'या टापूत वावटळीची हवा आहे' एवढंच म्हणता येत होतं. ती बरोबर त्याच धावपट्टीवर उतरली, हा निव्वळ योगायोग. समजा ती दहा किलोमीटर पलीकडे गेली असती, तर अंदाज तेवढाच शहाणा राहिला असता आणि दोघांची मात्र यथेच्छ टिंगल झाली असती. शहाणपणाला असं नशीब लागतं, हे जरा खटकतं.

आता हातातल्या फोनवर रडार असतं. हिरवा, पिवळा, लाल ठिपका सरकत आपल्या दिशेने येताना पाहणं हा वसंतातला नवा छंद आहे, आणि तो चांगलाच जडतो. बोट दर मिनिटाला पडदा खाली ओढतं. पण यातही एक मेख आहे. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते, त्यामुळे लांबच्या ठिकाणी तो जमिनीपासून बराच उंचावरचा पाऊस पाहतो. तो पाऊस खाली येईपर्यंत कोरड्या हवेत विरूनही जातो. पडद्यावर डोक्यावर पिवळा रंग आणि अंगणात एक थेंब नाही, असं होतं ते यामुळे. बरं, तो विरलेला पाऊस गप्प बसत नाही. बाष्पीभवनाने हवा थंड होते, जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चौफेर पसरते. दारं आपटायला लावणारा तो थंडगार, धुळीने भरलेला पहिला झोत बऱ्याचदा आपल्यापर्यंत न पोचलेल्या पावसाचाच असतो.

गारांचं म्हणाल तर एखादी मोठी गार कापून पाहावी. वितळायच्या आत, चटकन. आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक दुधी, एक काचेसारखा पारदर्शक. फार थंडीत थेंब आदळल्या आदळल्या गोठला की हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर दुधी होतो. सावकाश गोठला की बुडबुड्यांना निसटायला वेळ मिळतो आणि थर स्वच्छ राहतो. ढगात गार कुठे कुठे हिंडली, याची ती रोजनिशीच. लिंबाएवढी गार तोलून धरायला वर जाणारा वारा ताशी ८० किलोमीटरहून जास्त लागतो. ही करमणूक नव्हे, हेही खरं. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार गारपिटीचे सर्वाधिक बळी मुरादाबादजवळ गेले, ३० एप्रिल १८८८ रोजी, २४६ माणसं. सर्वाधिक बळी घेणारी वावटळही अमेरिकेतली नव्हे, बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यातली. ती २६ एप्रिल १९८९ ची, आणि तिच्यात अंदाजे १,३०० माणसं गेली. दोन्ही तारखा ऐन वसंतातल्या.

अमेरिकेत आज टोर्नेडोचे जे इशारे निघतात, त्यातले दहापैकी साधारण सात फुकट जातात आणि उरलेल्यांत हाताशी मिळतो तो काही मिनिटांचा अवधी. सात वेळा तळघरात जाऊन हात हलवत परत यायचं आणि आठव्यांदा पुन्हा तितक्याच तत्परतेने उतरायचं, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाच्या जरा बाहेरचीच आहे. तरी लोक उतरतात, याचं मला इशाऱ्याच्या अचूकतेपेक्षा जास्त नवल वाटतं.

विजेबाबत मात्र नियम साधे आहेत. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंद गेले तर वीज एक किलोमीटरवर. पण आकडे मोजत बसण्यापेक्षा गडगडाट ऐकू आला की आत जाणं उत्तम, कारण पंधरा किलोमीटर पलीकडच्या ढगातली वीजही आपल्यापर्यंत पोचू शकते. आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं. ही तीस मिनिटं मोठी चिवट असतात. पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं, पक्षी परत आलेले, मुलं दाराशी चप्पल घालून तयार. सगळे घड्याळाकडे बघतात. अठ्ठाविसाव्या मिनिटाला लांब कुठेतरी गुरगुर होते, मुलं शपथेवर सांगतात की तो ट्रक होता, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.