नावात पैठणी घातली की साइट गूगलमध्ये वर येते का?

येवल्याचं एक पैठणी विणणारं कुटुंब गेल्या वर्षी माझ्याकडे आलं, ते वेबसाइटचं नाव बदलून घ्यायला. घरात तीन पिढ्या मागावर. दुकान आडनावाने चालतं, वेबसाइटही आडनावाचीच. थोरल्या मुलाला एका दलालाने नवं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, दाखवलं होतं. त्यात गावाचं नाव, मालाचं नाव, 'ओरिजिनल' आणि 'ऑनलाइन' असे शब्द हायफनने जोडलेले. किंमत साडेतीन लाख रुपये. हे नाव घेतलंत की गूगलच्या पहिल्या पानावर तुम्हीच, असं दलालाने छातीठोक सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत टोकन द्यायचं, नाहीतर नाव दुसऱ्या गिऱ्हाइकाला.

अण्णा म्हणजे वडील, थोरला मुलगा आणि सून असे तिघे सकाळीच नाशिकला माझ्या ऑफिसात आले होते. मुलगा म्हणाला, "ताई, जुनी साइट तेवढी नव्या नावावर टाकून द्या. पैशाचं आम्ही बघतो." अण्णा गप्प होते. ज्या घरात भरजरी पदराच्या एकेका साडीवर माणूस महिनोन्महिने बसतो, तिथे साडेतीन लाख कसे जमतात हे मला ठाऊक आहे. म्हणून मी त्यांना म्हटलं, टोकन संध्याकाळी द्यायचंय ना, तोवर आपण हे नाव नीट तपासू.

मुलाचा समज हवेतून आलेला नव्हता. एके काळी हे खरंच चालायचं. लोक जे शब्द शोधतात तेच जोडून डोमेन घ्यायचं, त्यावर चार सुमार पानं टाकायची आणि वर यायचं. अमेरिकेत अशा नावांना प्रचंड भाव होता. 2010 मध्ये क्विनस्ट्रीट कंपनीने 'कारइन्शुरन्स डॉट कॉम' 4 कोटी 97 लाख डॉलरला विकत घेतलं. त्या किमतीत चालता धंदाही आला होता, पण दलाल हे आकडे सांगताना तेवढं गाळतात. मग 28 सप्टेंबर 2012 ला गूगलच्या स्पॅमविरोधी पथकाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी ट्विटरवर जाहीर केलं की शोधशब्दांशी तंतोतंत जुळणारी निकृष्ट डोमेन आता निकालांत खाली जातील. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी 0.6 टक्के शोधांवर त्याचा जाणवेल एवढा परिणाम होणार होता. आकडा लहान वाटतो, पण ज्यांचं पोटच अशा नावांवर होतं त्यांच्या साइट एका रात्रीत दिसेनाशा झाल्या.

आज गूगल स्वतःच्या मार्गदर्शिकेत हे उघड लिहितं. डोमेनमधले शब्द हा अनेक घटकांपैकी एक घटक आहे, पण मुद्दाम शोधाशी जुळवून घेतलेल्या नावाला जास्तीचं श्रेय मिळू नये म्हणून त्यांची वेगळी यंत्रणा आहे. उदाहरण त्यांनीच दिलंय: 'दुपारच्या जेवणाची सर्वोत्तम ठिकाणं' अशा अर्थाचे शब्द हायफनने जोडून कुणी डोमेन घेतलं, तर त्या शब्दांच्या जोरावर ते वर येऊ नये. नव्याने साइट करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत तर म्हटलंय की नावातल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळपास काहीच परिणाम होत नाही.

मुलाने माझ्यापुढे फोन धरला. "मग ही साइट पहिली कशी? हिच्या नावात तर पैठणी आहे." रास्त प्रश्न होता आणि सगळ्यांची गल्लत होते ती इथेच. आम्ही ती साइट उघडून बसलो. जुनी साइट, शेकडो साड्या, प्रत्येकीचे पुढून-मागून फोटो, किंमत, कापडाची माहिती, आणि लग्नाच्या खरेदीवर लिहिणाऱ्या कितीतरी साइटवरून तिला दिलेल्या लिंका. नाव मालाचंच असल्यामुळे लिंक देणाऱ्याने नुसतं नाव लिहिलं तरी लिंकच्या अक्षरांत 'पैठणी' आपोआप येतं. नावाचा थोडाफार आडून होणारा फायदा म्हणाल तर तो एवढाच. पण त्यासाठी आधी कुणाला तरी लिंक द्यावीशी वाटायला हवी. पैठणीचंच नाव असलेल्या कितीतरी साइट पाचव्या पानावरही नसतात, पण त्या आपल्याला दिसत नाहीत म्हणून हिशेबात येत नाहीत. मी त्याला दोन-तीन काढून दाखवल्या.

शिवाय लोक नेमकं शोधतात काय? रोमन लिपीत पैठणी लिहिताना कुणी एक अक्षर जास्त घालतं, कुणी गाळतं. कुणी देवनागरीत 'खरी पैठणी कशी ओळखायची' असं अख्खं वाक्य लिहितं, हल्ली तर फोनवर बोलूनच विचारतात. यातलं कुठलं डोमेनमध्ये बसवणार?

मग मी त्यांच्या जुन्या साइटचं सर्च कन्सोल उघडलं. कोणत्या शोधातून लोक साइटवर आले हे गूगल तिथे मालकाला मागच्या 16 महिन्यांपर्यंतचं दाखवतं. हे खातं मीच कधीतरी जोडून दिलं होतं, घरात कुणी उघडून पाहिलं नव्हतं. सर्वांत जास्त क्लिक कशातून होते? त्यांच्या आडनावातून. आडनाव आणि येवला, आडनाव आणि पैठणी, चुकीच्या स्पेलिंगचं आडनाव. देशांची यादी काढली तर भारताखालोखाल अमेरिका, संयुक्त अरब अमिराती, ऑस्ट्रेलिया. अण्णा पहिल्यांदाच बोलले. "आमचं नाव टाकून लोक शोधतात?" मी म्हटलं, अण्णा, एका मुलीच्या लग्नात तुमची साडी नेसलेली बघून दुसरी विचारते, कुठून घेतली. ती तुमचं नाव सांगते. तेच नाव तिसरी फोनमध्ये टाकते. साडेतीन लाख देऊन आपण तेच पुसायला निघालोय.

नाव बदललं तरी जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेता येतं, हे मुलाला माहीत होतं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. प्रत्येक जुन्या पानावरून नेमक्या नव्या पानावर कायमचं वळण लावायचं, सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याचं कळवायचं आणि ती वळणं निदान एक वर्ष, जमलं तर कायम ठेवायची. तरी मधला काही काळ क्रमवारी डळमळते. लग्नसराईच्या तोंडावर ही जोखीम घ्यायची तर समोर तेवढं भक्कम कारण हवं. खोक्यांवर, पिशव्यांवर, व्हिजिटिंग कार्डांवर छापलेलं जुनं नाव वेगळंच.

जेवण झाल्यावर मी दलालाच्या डोमेनचा इतिहास काढला. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर बहुतेक साइटची जुनी रूपं बघायला मिळतात, फुकट. सुरुवातीला त्या नावावर साड्यांचं छोटं कॅटलॉग होतं. मग काही वर्षं काहीच नाही. त्यानंतरच्या पानांवर परदेशी भाषेत जुगाराच्या जाहिराती, एकाखाली एक. गूगलमध्ये त्या डोमेनपुरता शोध घेतला तर एकही पान आलं नाही. ऑफिसात सगळेच गप्प झाले. मुलाचा चेहरा उतरला आणि मला त्याचं वाईट वाटलं. तो घरासाठीच धडपडत होता.

मुदत संपून सोडलेली डोमेन उचलायची आणि त्यांच्या जुन्या पुण्याईवर भलताच माल वर आणायचा, हा प्रकार गूगलने मार्च 2024 मध्ये स्पॅमच्या नियमांत नाव घेऊन बंदीत घातला. साफ हेतूने कुणी जुनं नाव घेतलं तर तो गुन्हा होत नाही. अडचण वेगळी आहे. एखाद्या डोमेनवर गूगलच्या माणसांनी दंडाची कारवाई केली असेल, तर ती फक्त मालकाला त्याच्या सर्च कन्सोलमध्ये दिसते. म्हणजे पैसे भरून मालक झाल्यावरच कळणार. म्हणून मी मुलाला सुचवलं, दलालाला म्हणावं त्या पानाचा स्क्रीनशॉट पाठव. त्याने तिथूनच फोन लावला. दलाल म्हणाला, असलं काही नसतं, तुम्ही टोकनचं बोला. मुलाने फोन ठेवला आणि वडिलांकडे बघून मान हलवली.

तोवर घरची सून, म्हणजे वहिनी, कोपऱ्यात बसून व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांना उत्तरं देत होत्या. दुकानाचा फोन त्यांच्याकडेच असतो. काय विचारतात लोक, म्हणून मी सहज विचारलं, तर त्यांनी फोनच माझ्या हातात दिला. साडीची मागची बाजू दाखवा. हातमागाची की पॉवरलूमची? पदरावरचे मोर विणलेत की वरून भरलेत? एक धोटी म्हणजे काय, तीन धोटींनी किंमत का वाढते? (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन.) जरीची तार काळी पडेल का? घडी कशी ठेवायची? आणि त्यांची उत्तरं इतकी नेमकी होती की माझ्या वीस वर्षांच्या धंद्यात कुठल्या कॉपीरायटरने तशी लिहून दिली नाहीत. हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी धाग्यात धागा अडकवून विणतात, म्हणून मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील किंवा कापलेले दिसत असतील तर ती मागावर हाताने विणलेली नक्षी नव्हे, हे त्यांनी एका गिऱ्हाइकाला दोन फोटो पाठवून चार ओळींत समजावलं होतं.

त्यांच्या वेबसाइटवर यातलं एक अक्षरही नव्हतं. तिथे होतं 'दर्जेदार पैठणी वाजवी दरात'. गूगलला आणि गिऱ्हाइकाला जे हवं होतं ते सगळं वहिनींच्या फोनमध्ये पडून होतं.

त्या संध्याकाळी टोकन गेलं नाही. त्याऐवजी आडनावाचं डॉट इन तेवढं घेतलं, वर्षाला काही शे रुपयांत, दुसऱ्या कुणी घेऊन बसू नये म्हणून, आणि ते जुन्या डॉट कॉमकडे वळवलं. मुलाने .भारतबद्दल विचारलं. देवनागरीतलं डोमेन 2014 पासून मिळतं आणि आवडत असेल तर जरूर घ्यावं, पण क्रमवारीत त्याचाही वेगळा लाभ नाही.

पुढे वहिनींनी एकेक प्रश्नाचं एकेक पान मराठीतून लिहिलं, फोटो मुलाने काढले, अण्णांनी मागावर बसून धोटा कसा फेकतात त्याचे व्हिडिओ दिले. 'पैठणी ऑनलाइन' असं शोधलं तर आजही मोठे विक्रेतेच वर आहेत आणि बहुधा राहतील. पण खरी पैठणी कशी ओळखायची, तीन धोटी म्हणजे काय, असं मराठीत विचारणाऱ्यांना आता या घराचं पान दिसतं, आणि ते वाचून फोन करणारे भावावरून घासाघीस कमी करतात, असं वहिनी सांगतात. सध्या त्या जरीची तार कशी सांभाळायची त्यावर लिहितायत आणि मुलगा त्याचंच इंग्रजी पान तयार करतोय, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी.