पंक्चरवाल्याने नट घट्टच आवळले होते

वरंध घाटाकडून क्रेनवर लटकून येणारी गाडी आमच्याकडे नवीन नाही. कापूरहोळ फाट्यावर गॅरेज म्हटल्यावर भोरच्या वरच्या अंगाला जे काही तुटतं, जळतं, काठावर अडकतं ते आधी आमच्याच दारात येतं. पण ही इसुझू व्ही-क्रॉस पिकअप होती, २०१७ ची, आणि तिचं मागचं डावं चाक हौद्यात आडवं पडलेलं होतं. ब्रेक ड्रमची कड डांबराला घासून तिरकी झाली होती. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, जागेवर, ॲक्सल जागेवर, हबचे कंपनी स्टड, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर आवळतात ते आट्यांचे बोल्ट, तेही सहाच्या सहा जागेवर. चाक तेवढं सुटून गेलेलं.

मालक क्रेनवाल्याच्या शेजारी बसून आले होते. भोरकडचेच, क्रशर आणि थोडीफार शेती. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. रुमालात गुंडाळलेला तुटका स्टड माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मेस्त्री, स्पेसर नकली निघाला वो. मुळ्यासारखा मोडला बघा. त्या ऑनलाइनवाल्यावर केसच टाकतो."

ज्यांना स्पेसर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हब आणि चाक यांच्या मधे ॲल्युमिनियमची जाड चकती घालतात, म्हणजे चाक तेवढं बाहेर येतं. पातळ चकती नुसती मूळ स्टडमध्ये ओवतात. जाड असेल तर ती आधी हबवर नटांनी आवळायची, तिला स्वतःचे वेगळे स्टड असतात, त्यांवर मग चाक बसतं. ह्या गाडीला दुसऱ्या प्रकारचे होते, २५ मिमीचे. कारण नेहमीचं: कंपनीच्याच अलॉयवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या डिस्कवर (टायर ज्यावर चढतो ती), जाड टायर चढवले, पूर्ण वळण घेतलं की पुढचा टायर आतून घासायला लागला, आणि पुण्यातल्या एका दुकानाने चारी चाकांना स्पेसर टाकून दिले. पावसाळाभर गाडी नदीनाल्यातून फिरली, काही झालं नाही.

मी तो तुटका स्टड भिंगाखाली धरला. मालक म्हणत होते तसा तो एका झटक्यात तुटलेला नव्हता. एका बाजूने गुळगुळीत, आत आत सरकत गेलेल्या रेषा, आणि शेवटचा थोडासाच भाग खरखरीत. असा तुटलेला स्टड म्हणजे तो आधी वाकत होता, सुलट-उलट, सुलट-उलट, प्रत्येक फेरीला. नकली मालही तुटतो, पण असा तुटायला आधी चाक हलावं लागतं. नट आवळलेला असताना चाक हलतं कसं?

मी विचारलं, "शेठ, चाक कुणी बसवलं होतं?"

मग खरी हकिकत निघाली. हिर्डोशीच्या पुढे दगडाने टायरची बाजू फाटली. रात्रीची वेळ. कुणाच्या तरी ओळखीने एक पंक्चरवाला पोरगा मोटरसायकलवर आला, त्याने स्टेपनी लावली, क्रॉस पान्यावर उभं राहून नट आवळले, पैसेही बेताचेच घेतले. तिथून काही किलोमीटरवर मागून टकटक सुरू झाली. मालकांना वाटलं खडा अडकला असेल. पुढच्या वळणाला चाक गाडीच्या पुढे गेलं.

"म्हणजे त्या पोराने नट ढिले ठेवले," माझा हेल्पर म्हणाला. आमच्या धंद्यात हे वाक्य फार लवकर तोंडात येतं. पंक्चरवाला हा सगळ्यात शेवटी हात लावणारा, म्हणून पहिला गुन्हेगार.

मी हौद्यातलं चाक खाली उतरवून पालथं घातलं आणि तिथेच उत्तर होतं. लोखंडी डिस्क, बाकी चाकांसारखी अलॉय नाही. तिच्या मागच्या तोंडावर, नटांच्या दोन-दोन भोकांच्या बरोबर मधे, सहा चकचकीत खड्डे. बाकी सगळीकडे कंपनीचा काळा रंग शाबूत. म्हणजे हे चाक स्पेसरच्या तोंडाला टेकलेलंच नव्हतं. ते सहा टोकांवर उभं होतं.

ती टोकं कसली ते मी मालकांना व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावून दाखवलं. ड्रमच्या तोंडापासून कंपनीचा स्टड ३१ मिमी बाहेर येतो. स्पेसर २५ मिमी जाड. म्हणजे स्पेसर बसवल्यावर मूळ स्टडची टोकं ६ मिमी पुढे डोकावतात. कंपनीच्या अलॉयला मागून, दोन भोकांच्या मधे, ओतकामातच खोल कप्पे सोडलेले असतात. टोकं त्या कप्प्यात शिरतात आणि चाक सपाट बसतं. लोखंडी डिस्कला असला कप्पा नाही. स्पेसरचे स्टड मूळ स्टडच्या बरोबर मधल्या कोनात असतात, त्यामुळे ही टोकं येऊन टेकतात ती नेमकी पत्र्यालाच.

आता पान्यावर उभं राहून नट आवळा. नट घट्ट होतो. अगदी कचकून होतो. कारण तो डिस्कला त्या टोकांवर दाबतोय. पण चाकाचं वजन पेलतं ते नट नव्हे, आणि स्टडही नव्हे. दोन तोंडं एकमेकांवर दाबली जातात आणि त्यांच्यातलं घर्षण चाकाला धरून ठेवतं. तोंडंच टेकली नाहीत तर सगळा भार स्टडवर आडवा येतो. मग पत्रा दबतो, नटाची पकड जाते, चाक डोलतं, स्टड वाकत वाकत तुटतो. काही किलोमीटर पुरे होतात.

रात्री बॅटरीच्या उजेडात ती सहा मिमीची फट दिसणार कुणाला? आणि दिसली तरी त्याला काय कळणार, त्या पोराने आयुष्यात स्पेसर पाहिलेला असेलच असं नाही. त्याच्या हाताला नट घट्ट लागला, त्याने काम चोख केलं. चुकले ते पुण्यातले दुकानदार, ज्यांनी चार चाकं बसवून बिल केलं आणि हौद्याखाली लटकणारं पाचवं चाक पाहिलंच नाही. मोठाले दिवे, काचेचा दरवाजा, कॉफीचं मशीन, आणि एकालाही खाली वाकून स्टेपनी बघायची बुद्धी झाली नाही. जाड टायर हौद्याखालच्या जागेत मावत नाही म्हणून स्टेपनी जुनीच राहिली होती.

मी सगळे स्पेसर उतरवले तेव्हा आणखी प्रकार बाहेर आले. मधलं भोक १०६ मिमीचं. ते टोयोटाच्या हबचं माप. इसुझूचा हब १०० च्या आसपास. सहा स्टड आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, म्हणजे १३९.७ मिमीचा पीसीडी, दोघांचं सारखंच, त्यामुळे 'सगळ्या सिक्स-बोल्टला चालतं' म्हणून माल खपतो. बसतंही. पण हबवर मोकळं फिरतं, मध्याला येतं ते फक्त नटांच्या भरवशावर. मालक म्हणालेच, ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं, तीनदा बॅलन्सिंग केलं. त्यात वरून दोन्ही तोंडांना काळं पावडर कोटिंग. दिसायला झकास. पण जिथे धातूला धातू दाबायचा तिथे रंगाचा थर ठेवला तर तो चेपत जातो आणि नट आपोआप ढिले पडतात.

माझा सल्ला सरळ होता: स्पेसर काढा, टायर एक माप खाली आणा, घासणं संपलं. शेठ ऐकेनात. "मेस्त्री, गाडी बारकी दिसते वो." यावर कुठल्याही मेस्त्रीकडे उत्तर नाही.

कायद्याचंही सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीने दिलेल्या मापापासून गाडी बदलता येणार नाही असं बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ते हसले. म्हणाले, माझ्या क्रशरवर येणारे डंपर बघा आधी. त्यावरही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग प्रश्न उरला स्टेपनीचा. पहिला उपाय सगळे करतात तो: मूळ स्टडची टोकं ग्राइंडरने उडवायची. मी ते करत नाही. उद्या स्पेसर काढून चाक थेट हबवर बसवायची वेळ आली तर नटाला आटे पुरणार नाहीत. १२ मिमीच्या स्टडवर नट निदान १२ मिमी तरी चढला पाहिजे. दुसरा उपाय पाचवी अलॉय. तीच सगळ्यात बरी होती. जुना बाजार, ओळखीपाळखीचे सगळे पालथे घातले, त्या डिझाइनची एकटी डिस्क मिळेना. उरला तिसरा: स्पेसरच जाड घ्यायचा, ३५ मिमीचा, म्हणजे टोकं आतच राहतील.

इथेच माझं मन अजून अडकलंय. स्टेपनी सुरक्षित बसावी म्हणून मी चाक आणखी १० मिमी बाहेर काढलं. म्हणजे बेअरिंगवर जास्त ताण, खड्ड्यात स्टिअरिंगला जास्त झटका, टायर मडगार्डच्या आणखी बाहेर. एक धोका बुजवायला दुसरा थोडा वाढवला. स्पेसरने बेअरिंग जातं म्हणून ओरडणारे बरेच जण कमी ऑफसेटची, म्हणजे चाक बाहेर काढणारी, रुंद डिस्क हौसेने लावतात, आणि चाक तितकंच बाहेर आलं तर बेअरिंगला दोन्ही सारखंच. तेव्हा मात्र कुणाला बेअरिंग आठवत नाही. ते खरं असलं तरी माझं समाधान त्याने होत नाही.

नवा सेट इसुझूच्याच मापाचा मागवला, मागे १०० चं भोक आणि पुढे डिस्कसाठी १०० ची कॉलर. कॉलर किंचित जाड आली, अलॉय चढेना. शिरवळ एमआयडीसीतल्या टर्नरकाकांनी लेथवर धरून ०.१ मिमी उतरवली. त्यांनी आधी स्पेसरची दोन्ही तोंडं समांतर आहेत का ते डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं साधन, लावून पाहिलं, मी न सांगता. अशा माणसाकडे काम देताना भाव करू नये.

बसवताना घाई केली नाही. ड्रमचं तोंड वायर ब्रशने पांढरं होईपर्यंत घासलं. पावसाळाभर नदीतून फिरलेली गाडी, हबच्या कडेला गंजाची अख्खी कडी जमली होती. ती राहिली असती तर स्पेसर एका बाजूने उचलला गेला असता. हबच्या कडेवर बोटाने तांब्याचं ग्रीस, कारण ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना चिकटून बसतात. आट्यांना मात्र ग्रीसचा थेंबही नाही. आट्यांना ग्रीस लागलं की टॉर्क पाना (नट किती जोराने आवळला ते मोजणारा) तोच आकडा दाखवतो आणि स्टड त्याहून जास्त ताणला जातो. नट आवळायची गन भिंतीवरच. आधी हाताने, मग समोरासमोरचे नट दोन टप्प्यांत, शेवटी टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटर. मग डायल गेज लावून स्पेसर फिरवला, काटा जेमतेम हलला.

त्यानंतर स्टेपनी. स्पेसरच्या तोंडाला निळी मार्किंग शाई पातळ पुसली, लोखंडी डिस्क चढवली, आवळली, काढली. डिस्कच्या मागे निळं गोल कडं, सगळीकडून सारखं, मधे एकही ठिपका नाही. मालकांना खाली बसवून ते दाखवलं, आणि पुढच्या बाजूलाही तसंच करून पाहिलं.

दुपारी विम्याचा विषय निघाला. ड्रम, मडगार्डचा पत्रा, घासलेला पाट्याचा यू-बोल्ट, सगळं मिळून रक्कम बरी होती. शेठ म्हणाले, बिलावर 'खड्ड्यामुळे चाक निखळले' असं लिहा, स्पेसरचं नाव नको. मी 'व्हील स्पेसर, ३५ मिमी, ४ नग' असंच लिहिलं. उद्या ह्याच गाडीचं चाक कुणाच्या अंगावर गेलं तर तो कागद माझ्या नावाचा असणार आहे. त्यांनी रोख पैसे दिले, बिल घेतलं नाही, आणि थोडे घुश्शातच गेले.

जाताना एवढं मात्र कबूल करून घेतलं की शंभर किलोमीटरच्या आत परत यायचं. नुसते चाकाचे नट बघून भागत नाही. स्पेसरचे नट चाकाच्या मागे लपलेले असतात. चारी चाकं उतरवल्याशिवाय तिथे पाना पोचत नाही, म्हणून ते कुणी पुन्हा आवळत नाही. आणि स्टेपनी आता चारी बाजूंना बसते, हे हौद्याच्या फाळक्याच्या आतून पेंटने लिहून ठेवलं, खाली मोबाइल नंबर. त्या हिर्डोशीच्या पोरासाठी, किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्या कुणासाठी.

शेठ आले. मला खरं तर भरवसा नव्हता. चाकं उतरवली; तीन जागच्या नटांना काही लागलं नाही, मागच्या डाव्या बाजूचे दोन नट किंचित फिरले. सोबत त्यांचा भाचा होता, त्याच्या हातात ५० मिमीच्या स्पेसरचा खोका, त्याचीही व्ही-क्रॉस. मी बसवणार नाही म्हणालो. का ते सांगितलं, व्हर्नियरही काढला. भाचा मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी गाडीचा व्हिडिओ दाखवत होता. शेठ मधे पडले, "अरे मेस्त्री सांगतायत ते ऐक." तो हो म्हणाला आणि खोका गाडीत ठेवला. पुढच्या आठवड्यात तो भोरच्या चौकात दिसला, टायर मडगार्डच्या चार बोटं बाहेर.