बार्बिकनच्या भिंतीला हात लावून बघा

लंडनच्या बार्बिकन सेंटरला गेलात तर नाटक, गाणं, चित्रं नंतर बघा. आधी भिंतीला हात लावा. मी लावला तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, लोक बघतायत." बघू देत की! नवी मुंबईतल्या साइट्सवर आरसीसीची कामं करून घेण्यात माझी सगळी नोकरी गेली. काँक्रीट असं उघडं, बिनरंगाचं उभं दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो.

तळहाताला चांगली खरखर लागली. पाट्याला नवीन टाकी लावून आणल्यावर लागते ना, तशी. कामही त्याच जातीचं आहे. काँक्रीट ओतल्यावर किमान 21 दिवस थांबायचं, मग कामगारांनी हातात धरायच्या हातोड्यांनी वरचा सिमेंटचा थर ठोकून उडवायचा, आतली ग्रॅनाइटची खडी दिसेपर्यंत. आपल्याकडेही गिलावा धरावा म्हणून बीम-कॉलमला टाचे मारतात, म्हणजे ठोकून खाचा पाडतात. पण ते कसेही मारले तरी चालतं, कारण दोन दिवसांत झाकले जाणार असतात. इथे टाचे हेच शेवटचं फिनिशिंग. संध्याकाळी दमलेल्या हाताने एक घाव जास्त खोल घातला, तर तो कायमचा दिसणार. सेंट्रिंगच्या, म्हणजे साच्याच्या, फळीतून पाणी गळलं, काँक्रीट बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरला नाही, आत पोकळ्या (हनीकोंब) राहिल्या, तर पुट्टी भरून सुटका नाही.

आणि हे केवढ्या पसाऱ्यावर! कलाकेंद्राभोवती सुमारे 2000 घरांची वसाहत आहे, चाळीसहून जास्त मजल्यांचे तीन मनोरे आहेत. जिकडे बघावं तिकडे तोच ठोकलेला पृष्ठभाग. वास्तुरचना चेंबरलिन, पॉवेल आणि बॉन या तिघांची, हे सगळीकडे वाचायला मिळतं. मला तिथे उभं राहून हातोडेवाल्यांची आठवण जास्त आली. 1966-67 मध्ये याच बांधकामावर कामगारांचा लांबलचक संप झाला होता. दिवसभर असं ठोकायचं म्हणजे मनगटाचं काय होतं, हे मी जवळून पाहिलेलं आहे.

दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात, हा सगळा भाग जळून गेला होता. त्या मोकळ्या जागेवर वसाहत उठली आणि शेवटी कलाकेंद्र झालं. 3 मार्च 1982 ला राणी एलिझाबेथने त्याचं उद्घाटन केलं. कवी मिल्टनला जिथे पुरलं ते सेंट जाइल्स चर्च आणि रोमन काळातल्या तटबंदीचे तुकडे मधे तसेच ठेवलेत. रस्ता सापडणं मात्र कठीण. सगळी ये-जा उंचावरच्या पादचारी मार्गांवरून, म्हणून जमिनीवर पिवळी रेघ मारलेली आहे. ती धरून चालायचं.

नाट्यगृहाबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. प्रेक्षागृहाच्या मधून जाणारी वाटच नाही. प्रत्येक रांगेला दोन्ही टोकांना स्वतःचं दार. बाहेरूनच आपली रांग शोधायची आणि थेट आत शिरायचं. प्रयोग सुरू होताना ती सगळी दारं एकदम, आपोआप मिटतात. मी वाशीला भावे नाट्यगृहात वर्षानुवर्षं नाटकं बघत आलेय. तिसरी घंटा झाल्यावर मोबाइलचा उजेड पाडत गुडघ्यांवरून जाणारी माणसं आठवली आणि त्या दारांकडे मी नाटकाइतकंच लक्ष देऊन पाहिलं. वरचे सज्जेही मागे सरकत जात नाहीत, रंगमंचाकडे झुकत येतात. त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाचा चेहरा दिसतो. पडदे-नेपथ्य वर ओढून घ्यायला रंगमंचावर जो उंच मनोरा लागतो, तो झाकायला त्याच्याभोवती काचेचं झाडघर बांधलंय. ते रोज उघडं नसतं, बघून जा.

2003 मध्ये लोकांनी या वास्तूला लंडनमधली सर्वांत कुरूप इमारत ठरवलं होतं, आणि 2001 मध्येच ती संरक्षित वारसा म्हणून नोंदलीही गेली होती. कुरूप म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. आतल्या प्रशस्त दालनात तिकीट नसलेली कितीतरी माणसं बसली होती. कोणी अभ्यास करतंय, एक आजोबा डबा खातायत, कोणाची पोरं लोळतायत. कोणी कोणाला उठवत नव्हतं. अशी जागा आमच्या नवी मुंबईत हवी, अगदी मनापासून हवी.

भाच्याने विचारलं, "आपल्या खाडीच्या खाऱ्या हवेत हे टिकेल का गं?" टिकेल. सळईवर काँक्रीटचं पुरेसं जाड कव्हर ठेवलं, पाणी-सिमेंटचं प्रमाण पाळलं आणि पहिले काही दिवस न चुकता पाणी मारलं तर टिकेल. मीठ आत शिरून सळई गंजली की ती फुगते आणि काँक्रीट फोडते. गिलाव्याने आणि रंगाने ते थांबत नाही, नुसतं उशिरा दिसतं. आमच्या नेरूळच्या सोसायटीत सध्या रंगाची कोटेशनं चाललीयत. मी कमिटीला सांगितलंय, आधी प्रत्येक जिन्याखालचा स्लॅब ठोकून बघू, पोकळ वाजेल तिथे उघडून सळई साफ करू, आणि रंगाचं काम पुढच्या वर्षी काढू.