तीनपत्ती न खेळता येणारा कॅट आणि माझे सतरा दिवस

"सर, बिलावर मार्क्ड डेक असं लिहिलंय. मार्क्ड म्हणजे काय?"

कुरिअर कंपनीच्या बाईंनी हे विचारलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. जादू करणाऱ्यानं ज्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच द्यायचं नसतं, तो नेमका हाच.

मी हौशी माणूस. सोसायटीचा गणपती, ऑफिसचं स्नेहसंमेलन, एखादा वाढदिवस, अशा ठिकाणी मनातलं ओळखण्याचे प्रयोग करतो. आतापर्यंत साधे पत्ते वापरत होतो. पण गेल्या वर्षी मांडवात कॅट काढला तशी पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "बाप्पासमोर पत्ते?" (रात्री जागरणाला मांडवामागे काय चालतं ते सोडा.) तेव्हाच ठरवलं, चिन्हांचा कॅट घ्यायचा.

चिन्हांचा म्हणजे झेनर कार्डं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९३०च्या सुमारास कार्ल झेनर यांनी ही चिन्हं ठरवली आणि जे. बी. ऱ्हाइन यांनी ती अतींद्रिय शक्तीच्या चाचण्यांत वापरली. वर्तुळ, अधिक, तीन नागमोडी रेषा, चौकोन, तारा, प्रत्येकी पाच, एकूण पंचवीस पत्ते. नुसत्या अंदाजानं सरासरी पाच बरोबर येतात. जादूवाल्यांना आणखी एक सोय आवडते: वर्तुळाला एक रेघ, अधिकला दोन, नागमोडीला तीन, चौकोनाला चार बाजू, ताऱ्याला पाच टोकं. क्रम पाठ करावाच लागत नाही.

निवडायला मला एक संध्याकाळ पुरली. पोकर साइज (अडीच बाय साडेतीन इंच), जाड कागद, पाठीवर खुणा (मागून बघूनच पुढचं चिन्ह ओळखता येतं, मार्क्ड म्हणतात ते हेच). किंमत २,१०० रुपये, परदेशातून येणार. पैसे भरले आणि साइटवर हौसेनं स्वतःच्या नावाआधी 'मॅजिशियन' लावलं.

इथे मी मेलो.

पार्सल मुंबईत कस्टममध्ये पोचलं आणि केवायसीचा मेसेज आला. आधार अपलोड केलं. दुसऱ्या दिवशी 'नाव जुळत नाही'. आधारवर कुठून येणार मॅजिशियन? पॅन टाकलं. तेही जुळेना, कारण पॅनवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि पार्सलवर नाही. फाइल एक एमबीपेक्षा मोठी, म्हणून परत. लहान केली तर 'अस्पष्ट', म्हणून परत. फोन लावला की "चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत अपडेट मिळेल सर." हे मी सहा वेळा ऐकलं, सहाही वेळा वेगळ्या आवाजात.

नाव एकदाचं जुळलं, तर 'मार्क्ड' आलं. वस्तू काय आहे आणि कशासाठी हवी आहे, सही करून लिहून द्या म्हणाले. पहिला मसुदा असा केला: 'हे पत्ते मनोरंजनासाठी आहेत.' बायको म्हणाली, जुगारवालाही हेच लिहील. मग लिहिलं की यात राजा, राणी, गुलाम, एक्का काही नाही, आकडेसुद्धा नाहीत, तीनपत्ती किंवा रमी खेळणं शक्य नाही. पंचवीस पत्त्यांचा फोटो जोडला, पैसे भरल्याची पावती जोडली. खुणांबद्दल 'पाठीवरील नक्षी प्रयोगासाठी विशेष आहे' एवढंच लिहिलं. हे वाक्य जमायला मला एक अख्खी रात्र लागली, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

त्यावर चार दिवस शांतता. गणपती बसले.

म्हणून सांगतो, बाहेरून मागवणार असाल तर आधारवर आहे तसंच नाव टाका, अक्षरन्‌अक्षर. आणि कार्यक्रमाच्या दीड महिना आधी मागवा.

गणपतीच्या पाचव्या दिवशी माझा प्रयोग होता. शेवटी गल्लीतल्या डिजिटल प्रिंटवाल्याकडे गेलो. १३ बाय १९ इंचांच्या एका शीटवर बरोबर पंचवीस पत्ते बसतात. त्यानं ३०० जीएसएमच्या (म्हणजे चांगल्या जाड) आर्ट कार्डावर छापून दिले. घरी येऊन एक पत्ता ट्यूबलाइटसमोर धरला तर तारा मागून दिसतोय! ऱ्हाइन यांच्या सुरुवातीच्या पत्त्यांवरही हाच आक्षेप होता, चिन्हं पाठीमागून जाणवतात म्हणून. चांगल्या पत्त्यांच्या दोन थरांमध्ये काळपट थर असतो तो यासाठी. मी पाठीला गडद निळा रंग छापून घेतला तेव्हा भागलं. लॅमिनेशन करू नका, पत्ते एकमेकांना चिकटतात, पिसता येत नाहीत, आणि हॅलोजनखाली चकाकतात ते वेगळंच.

प्रयोग ठीक झाला. फक्त एका काकांनी मनात 'फुली' धरली आणि मी दाखवलं अधिक. "ही फुली नाही" म्हणून ते अडून बसले. तेव्हापासून मी आधी पाचही चिन्हांची नावं मोठ्यानं सांगतो. आणि मागच्या रांगांना पोकर साइज दिसतच नाही. तीस-चाळीस लोकांपुढे उलगडून दाखवायला वहीएवढे पाच मोठे पत्ते वेगळे करून ठेवा.

पार्सल विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आलं, सतराव्या दिवशी. ड्यूटी थोडी, कुरिअरचा प्रोसेसिंग चार्ज तिच्याहून जास्त. डबी उघडून पुन्हा टेप लावलेली होती. मोजले, पंचवीस भरले. पण नवा कॅट वर्तुळ-अधिक-नागमोडी अशा क्रमानं येतो आणि हा चांगला पिसलेला होता. आत कुणाचे किती बरोबर आले कोण जाणे.

टेप काढताना डबीचं झाकण फाटलं. आता रबर बँड लावून ठेवतो.